प्रश्नाला मायनस पडतो, कारण कुणी सांगत नाही: तपासायचं कुठून?

नाशिकच्या डेव्हलपर मंडळींच्या आणि इंजिनीअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एकच स्क्रीनशॉट येतो. स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर प्रश्न टाकून जेमतेम वीस मिनिटं झालेली, शेजारी उणे दोन (म्हणजे दोन डाउनव्होट, नापसंतीची मतं), खाली कमेंट एकही नाही. सोबत मेसेज: "दादा, बघा ना, काही न सांगता मायनस मारलेत." त्यावर ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. तिथले लोक माजलेत, इंडियन नाव बघून मारतात, नवीन माणसाला दारात उभं करत नाहीत. यातलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण एवढं बोलून झाल्यावरही प्रश्न तिथेच, उणे दोनवर पडलेला असतो.

ग्रुपवर पुन्हा पुन्हा टाइप करावं लागतं ते इथे एकदाच लिहून ठेवतो. बहुतेक नियम स्टॅक ओव्हरफ्लो (प्रोग्रामिंगची साइट) आणि ती ज्या समूहातली आहे त्या स्टॅक एक्सचेंजच्या बाकीच्या साइट्सचे आहेत, कारण आपली मुलं सगळ्यात जास्त तिथेच अडकतात. क्वोरा आणि रेडिटचं शेवटाकडे.

कोणी मारला, ते शोधत बसू नका

मत गुप्त असतं आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. प्रोफाइलवर कोण येऊन गेलं, कोणाची कमेंट कधी आली, यावरून अंदाज बांधू नका. कमेंट करणारा आणि मायनस मारणारा एकच असतो असं नाही. बऱ्याचदा कमेंट टाकणाराच मदत करायला थांबलेला असतो, आणि आपण नेमके त्याच्याच अंगावर धावून जातो. नावापुढे हिऱ्याची खूण असलेल्या, साइटवर देखरेख करणाऱ्या मॉडरेटरलाही एकेका मतामागचं नाव दिसत नाही. त्यामुळे "मॉडला विचारा ना, कोणी मारला" हा सल्ला ग्रुपवर देणं आता थांबवूया.

डाउनव्होट करताना कारण लिहिणं सक्तीचं करा, ही मागणी त्यांच्या मेटा साइटवर (साइटच्याच कारभारावर चर्चा करायच्या जागी) पहिल्या काही वर्षांपासून होत आली आहे आणि दरवेळी फेटाळली गेली आहे. त्यांचं म्हणणं साधारण असं: कारण लिहिलं की त्या कमेंटखाली वाद सुरू होतो, लिहिणाऱ्याच्या जुन्या उत्तरांवर कुणीतरी सूड म्हणून मायनस मारत सुटतं, आणि सक्ती केली तर लोक काहीतरी दोन शब्द खरडून मोकळे होतील. मला हे निम्मं पटतं. न पटणारं निम्मं असं की उत्तराला मायनस मारला तर मारणाऱ्याचाही एक पॉइंट जातो, प्रश्नाला मारला तर काहीच जात नाही. नवीन माणूस आधी प्रश्न घेऊनच येतो, म्हणजे फुकटातला मार त्यालाच बसतो.

अधिकृत कारण म्हणाल तर ते खालच्या बाणावर माउस नेला की दिसतं: प्रश्नात स्वतः शोधाशोध केल्याचं दिसत नाही, प्रश्न स्पष्ट नाही किंवा उपयोगाचा नाही. एवढंच. मोबाइलवरून टाकणाऱ्यांच्या नजरेला ते सहसा पडतही नाही. या तिन्हींपैकी आपल्याला कोणतं लागू होतं, ते बाकीच्या खुणांवरून काढायचं.

आधी नक्की काय घसरलं ते बघा

प्रश्नाचा स्कोअर आणि तुमचं रेप्युटेशन (खात्यावर जमा झालेले पॉइंट, थोडक्यात रेप) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपव्होटला १० मिळतात, डाउनव्होटला २ जातात. म्हणजे एक चांगलं मत पाच मायनस भरून काढतं. नवीन खातं १ वर सुरू होतं आणि कितीही मार बसला तरी १ च्या खाली जात नाही. म्हणून पहिल्याच प्रश्नाला चार मायनस पडलेल्या मुलाचं प्रत्यक्षात काहीच गेलेलं नसतं.

स्कोअर शून्य दिसतो, पण रेप ८ ने वाढलंय? एक अपव्होट आणि एक डाउनव्होट पडलाय. किती अधिक आणि किती उणे हे वेगळं बघायची सोय १००० रेप झाल्यावर मिळते. तोवर प्रोफाइलमधला रेप्युटेशनचा टॅब उघडायचा, तिथे प्रत्येक फरक तारखेनिशी लिहिलेला असतो.

कधी कधी डाउनव्होट एकही नसतो आणि रेप मात्र घसरलेलं असतं. अशा वेळी त्याच टॅबमध्ये नोंद शोधा. मत देणाऱ्याचं खातंच काढून टाकलं गेलं की त्याची मतंही जातात. प्रश्न विचारणाऱ्याने तुमच्या उत्तरावरची स्वीकाराची टिक काढून दुसऱ्याला दिली की १५ जातात. ज्या प्रश्नाखाली उत्तर लिहिलं होतं तो प्रश्न डिलीट झाला, तर त्या उत्तराचे पॉइंटही सहसा जातात. यातलं काहीच तुमच्या लिखाणावरचा शेरा नाही.

मग वेळ बघा

मला सगळ्यात उपयोगी पडते ती वेळ.

टाकल्यावर पाच-दहा मिनिटांत मायनस आला, तर वाचणाऱ्याने प्रश्न पुरता वाचलेलाच नसण्याची शक्यता जास्त. त्याने शीर्षक पाहिलं, कोडचा फोटो पाहिला आणि तो पुढे गेला. दोष मांडणीत शोधायचा. काही महिन्यांनी एखाद्या जुन्या उत्तराला मायनस पडला, तर कुणीतरी सर्चमधून तिथे पोचलं, तुमची पद्धत वापरून बघितली आणि ती आता चालत नाही. लायब्ररीची आवृत्ती बदलली असेल तर उत्तरावर तसं लिहा.

रात्रीतून पाच-सहा जुन्या पोस्टना एकाच दमात मायनस पडले, तर मात्र कुणाच्या तरी नाकाला मिरच्या झोंबल्यात. इथे तुम्ही काहीही करू नका. एकाच व्यक्तीने एकाच व्यक्तीला लागोपाठ दिलेली मतं शोधून रद्द करणारा प्रोग्राम रोज यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ च्या सुमारास चालतो, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेआठला. सकाळी उठल्या उठल्या भांडणाची पोस्ट लिहिण्याऐवजी चहा-पोहे होईपर्यंत थांबा. मतं दुरुस्त झाली तर रेपच्या टॅबमध्ये तशी ओळ येते. एक दिवस उलटूनही काही झालं नाही आणि प्रकार चालूच राहिला, तर स्वतःच्याच एका पोस्टवर फ्लॅग (तक्रारीची खूण) लावून मॉडरेटरला चार शब्दांत कळवा.

वेळेचं आणखी एक. आपण रात्री अकराला प्रश्न टाकतो तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपार असते. भरपूर लोक जागेवर असतात, उत्तरही पटकन येतं आणि मायनसही. अडचण अशी की आपण प्रश्न टाकतो आणि झोपतो. "कोणती आवृत्ती?" अशी कमेंट दहा मिनिटांत आलेली असते, तिला सकाळपर्यंत उत्तर नसतं आणि तोवर प्रश्न बंद झालेला असतो. तासभर समोर बसता येणार असेल तेव्हाच टाका.

मांडणीतला दोष: सिन्नरवर फाटतं, निफाडवर नाही

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका मुलाच्या प्रोजेक्टमध्ये तालुकावार कांद्याच्या आवकेची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) होती, तालुक्यांची नावं मराठीत. विंडोजच्या लॅपटॉपवर पायथनने फाइल वाचायला घेतली की एरर. त्याने प्रोग्रामिंगच्या एका साइटवर प्रश्न टाकला. शीर्षक: पायथन एरर, अर्जंट हेल्प. मजकुरात लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, खाली अख्खा प्रोग्राम, आणि शेवटी "आदरणीय सर, उद्या सबमिशन आहे". दोन मायनस, मग "तपशील अपुरा" म्हणून बंद.

यातली प्रत्येक गोष्ट आपल्याकडे शिष्टाचाराची किंवा मेहनतीची खूण आहे. अख्खा कोड दिला म्हणजे काही लपवलं नाही. आदरणीय लिहिलं म्हणजे मान दिला. घाई सांगितली म्हणजे खरं बोललो. तिकडे वाचणाऱ्याला मात्र फोटोतली अक्षरं कॉपी करता येत नाहीत, सर्चमध्ये ती सापडत नाहीत, दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला ती वाचता येत नाहीत. तीनशे ओळींतली कोणती महत्त्वाची ते कळत नाही. आणि उद्याचं सबमिशन हा त्याचा विषयच नाही. नमस्कार-चमत्कार तिथे कुणीतरी एडिट करून काढून टाकतं. त्याने अपमान झाला असं मानायचं कारण नाही, नोबेलवाल्याचाही काढतील.

मग आम्ही फाइल छाटत गेलो. अर्धी उडवली, एरर येते का बघितलं. पुन्हा अर्धी उडवली. शेवटी फाइलमध्ये एकच शब्द ठेवून बघायला लागलो आणि गंमत सुरू झाली. नुसतं निफाड ठेवलं तर एरर नाही, फक्त पडद्यावर भलतीच चिन्हं. येवला, मालेगाव, चांदवड, दिंडोरी, तसंच. सिन्नर ठेवलं की लगेच एरर. त्र्यंबकेश्वर, एरर. इगतपुरी आणि सुरगाणा, एरर.

कारण नंतर नीट कळलं. एन्कोडिंग म्हणजे अक्षरं बाइटच्या आकड्यांत साठवायची पद्धत. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये होती. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे हे सांगितलं नाही, तर विंडोजवर पायथन सिस्टमचं एन्कोडिंग धरून चालतं, आणि त्या लॅपटॉपवर ते सीपी-१२५२ होतं. या जुन्या तक्त्यात काही बाइट रिकामे आहेत, त्यांच्यासमोर कोणतंच अक्षर नाही. हलन्ताचा, म्हणजे अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाचा, तिसरा बाइट ८डी, आणि पहिल्या उकाराचा ८१. दोन्ही नेमके त्या रिकाम्या घरांत. म्हणून जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार आला की फाटतं आणि निफाड चुकीचं वाचलं जाऊनही निभावतं. फाइलमध्ये फक्त सिन्नर असेल तर एररच्या ओळीत ८डी बाइट आणि जागा ११ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. शून्यापासून मोजलं तर हलन्ताचा तिसरा बाइट बरोबर तिथेच येतो. उपाय एका शब्दाचा: फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं सांगायचं. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून सेव्ह केलेली असेल, तर सुरुवातीला एक न दिसणारी खूण असते, तिच्यासाठी यूटीएफ-८-सिग.

आता प्रश्न पुन्हा लिहिला तो असा. शीर्षकात: विंडोजवर पायथनने यूटीएफ-८ सीएसव्ही वाचताना सिन्नर या शब्दावर एरर, निफाडवर नाही. खाली दोन शब्दांची फाइल, तीन ओळींचा कोड, एररचा मजकूर टाइप स्वरूपात, पायथनची आवृत्ती. तिथे याला किमान पुनरुत्पादनक्षम उदाहरण अशा अर्थाचं भारदस्त नाव आहे. आपल्या भाषेत, समोरच्याने कॉपी-पेस्ट केलं की त्याच्याकडेही तसंच फाटलं पाहिजे.

खरं सांगायचं तर इतकं लहान केल्यावर एररची ओळ सर्चमध्ये टाकली आणि जुना प्रश्न पहिल्याच पानावर मिळाला. त्या मुलाचा प्रश्न शेवटी डुप्लिकेट म्हणून त्या जुन्याला जोडला गेला. एक मायनस निघाला, एक तसाच राहिला. मत दिल्यावर काही मिनिटांत ते पक्कं होतं आणि पोस्ट एडिट झाली तरच पुन्हा बदलता येतं. म्हणून एडिट करणं हाच मायनस निघण्याचा मार्ग. पण मत देणाऱ्याला "एडिट झालं, या बघायला" असा निरोप जात नाही. तो परत फिरकला नाही तर मायनस राहतो. कुणी कमेंट केली असेल तर त्याचं नाव घेऊन उत्तर द्या, त्याला निदान सूचना तरी जाते.

प्रश्न बंद झाला

बंद होणं आणि मायनस पडणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, आणि बंद करण्याच्या बाबतीत कारणही मिळतं आणि करणाऱ्यांची नावंही. ३००० रेप असलेले लोक बंद करायला मत देऊ शकतात. स्टॅक ओव्हरफ्लोवर अशी तीन मतं पुरतात. डुप्लिकेटच्या बाबतीत, त्या टॅगचा (विषयाच्या लेबलचा) सोन्याचा बॅज, म्हणजे त्या विषयातल्या जाणकाराची खूण, असलेला माणूस एकटाही बंद करू शकतो.

डुप्लिकेटचा राग येणं मला कधीच कळलं नाही. उत्तराची लिंक हातात दिलीये! ती लागू पडत नसेल तर प्रश्नातच लिहा: तिथला उपाय करून पाहिला, माझ्याकडे अमुक फरक आहे, म्हणून चालला नाही. नुसतं "डुप्लिकेट नाही" असं कमेंटमध्ये लिहिलं तर कुणी उघडायला येत नाही.

"मतांवर आधारित" म्हणून बंद होणारे आपल्याकडचे प्रश्न ठरलेले आहेत: जावा शिकू की पायथन, कोणता लॅपटॉप घेऊ, अंबडला नोकरी मिळेल का. हे प्रश्न वाईट नाहीत, तिथले नाहीत. ते कॉलेज रोडच्या कट्ट्यावर विचारा, उत्तर जास्त चांगलं मिळेल.

बंद झालेला प्रश्न डिलीट करून तोच नव्याने टाकायचा नाही. तोच एडिट करा आणि सेव्ह करताना पुनर्विचारासाठी पाठवण्याचा पर्याय निवडा. ही संधी जपून वापरा. एक स्वल्पविराम बदलून पाठवलं तर परीक्षण करणारे "अजून तसाच आहे" म्हणून सोडून देतात.

उत्तराला मायनस

नवीन माणसाला दुसऱ्याच्या पोस्टवर कमेंट करायला ५० रेप लागतं, उत्तर लिहायला मात्र काहीच लागत नाही. म्हणून आपली मुलं "मलाही हाच प्रॉब्लेम आहे, सुटला का?" हे उत्तराच्या चौकटीत लिहितात. मायनस पडतो, पोस्ट उडते. तसंच "थँक्स सर, चाललं". धन्यवाद द्यायचे असतील तर अपव्होट द्या, त्याला १५ रेप लागतं. आणि प्रश्न तुमचाच असेल तर टिक लावा.

नुसती लिंक देणं, आणि त्यात ती स्वतःच्या ब्लॉगची किंवा क्लासची असताना तसं न सांगणं, हे फार महागात पडतं. स्पॅम म्हणून पुरेसे फ्लॅग आले की पोस्ट आपोआप जाते आणि १०० रेप कापलं जातं.

चॅटबॉटकडून लिहून घेतलेली उत्तरं चिकटवणारेही ग्रुपवर आहेत, नावं घेत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये त्यावर बंदी घातली. अशा उत्तरांचं इंग्रजी गुळगुळीत असतं, आत्मविश्वास भरपूर असतो आणि फंक्शन अस्तित्वातच नसतं. इथे मायनसचं कारण कुणी सांगितलं नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही.

मित्रांकडून अपव्होट मागू नका

मायनस पडला की ग्रुपवर लिंक टाकून "जरा प्लस करा रे" म्हणायची पद्धत आहे. हे आगीतून फुफाट्यात. एकाच वर्गातली चार-पाच खाती एकमेकांनाच मतं देतात ते यंत्रणेला कळतं, मतं परत घेतली जातात आणि प्रकरण मॉडरेटरकडे गेलं तर खातं काही काळ निलंबितही होतं. लिंक टाकायचीच असेल तर "प्रश्न कुठे कळत नाही ते सांगा" म्हणून टाका.

प्रश्नच दिसेनासा झाला

कुणी चिडून उडवला असं समजू नका. स्कोअर उणे एक किंवा त्याखाली, उत्तर एकही नाही आणि ३० दिवस झाले, की सफाईचा प्रोग्राम तो उचलतो. बंद झालेला, डुप्लिकेट नसलेला, शून्य किंवा त्याखालचा आणि उपयोगी उत्तर नसलेला प्रश्न तर ९ दिवसांतही जातो. म्हणजे बंद प्रश्न दुरुस्त करायला आठवडाभरच आहे, सबमिशन संपल्यावर बघू म्हणून चालत नाही.

स्वतः डिलीट केला तर मायनसमुळे गेलेले पॉइंट परत येतात, म्हणून मुलांना तो सोपा उपाय वाटतो. पण "तुम्हाला आता प्रश्न विचारता येणार नाही" ही पाटी ज्या हिशोबावर लागते त्यात डिलीट केलेले प्रश्नही धरले जातात. पाटी लागल्यावर जुने प्रश्न एकेक करून सुधारणं हाच मार्ग उरतो. अलीकडेच उडालेले असतील तर आपल्या प्रोफाइलमधल्या डिलीट केलेल्या प्रश्नांच्या यादीतून ते उघडता येतात. नवीन खातं काढलं तर पाटी तिथेही मागे येते. दुसऱ्याच्या प्रश्नांना चांगली उत्तरं लिहायला मात्र या पाटीची आडकाठी नसते.

क्वोरा आणि रेडिट

क्वोरावर डाउनव्होट किती पडले हे लिहिणाऱ्याला दिसतच नाही. उत्तर आकसून खाली जातं आणि व्ह्यूज थांबतात, एवढीच खूण. मराठीत लिहिणाऱ्यांची तिथे बहुतेक तक्रार असते ती सौजन्याच्या नियमाखाली उत्तर काढल्याची. समोरच्याच्या मुद्द्याऐवजी त्याच्या जातीवर, गावावर, शिक्षणावर एक वाक्य असलं तरी पुरतं. ते वाक्य काढून अपील करता येतं.

रेडिटवर दिसणारा आकडा मुळातच थोडा वर-खाली करून दाखवतात, त्यामुळे रिफ्रेश करत बसून एकेका मताचा हिशोब लावू नका. तिथला खरा त्रास दुसराच आहे: तुमची पोस्ट तुम्हाला दिसते, इतरांना नाही. नवीन खातं किंवा कमी कर्मा (तिथले पॉइंट) बघून ऑटोमॉडरेटर नावाचा प्रोग्राम ती चुपचाप बाजूला काढतो. इन्कॉग्निटो विंडोमध्ये लॉगिन न करता लिंक उघडा. तिथे काढून टाकल्याची खूण दिसली तर त्या सबरेडिटच्या (विषयवार गटाच्या) मॉडमेलवर, म्हणजे तिथल्या मॉडरेटरांना, दोन ओळी लिहा. चिडून लिहू नका, समोरचाही फुकटात काम करणारा माणूस असतो.

सगळं नीट आहे, तरीही मायनस

हा प्रकार मला सगळ्यात रोचक वाटतो, आणि तो कोडपेक्षा शेतीच्या प्रश्नांत जास्त दिसतो. स्टॅक एक्सचेंजची बागकामाचीही एक साइट आहे. समजा पिंपळगावच्या कुणी तिथे चांगल्या इंग्रजीत विचारलं: ऑक्टोबर छाटणीला ४० दिवस झाले, पाऊस झाला, पानांवर डाऊनी (बुरशीचा रोग) दिसतोय, एम-४५ (बुरशीनाशक) मारलं, पुढे काय? आपल्याकडच्या माणसाला यातून बागेची अवस्था डोळ्यांसमोर दिसते. छाटणीला ४० दिवस म्हणजे बाग फुलोऱ्याच्या आसपास.

थंड देशातल्या वाचणाऱ्याला यातलं काहीच जुळत नाही. त्याच्याकडे द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि त्या झोपेतच वर्षातून एकदा छाटली जाते. ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे काढणी उरकत आलेली असते. आपल्याकडे वेलीला तशी झोप नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात, हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही. त्याला वाटणार, एकतर महिना चुकलाय किंवा हा थापा मारतोय. खालचा बाण दाबून तो पुढे जाईल, आणि त्याच्या दृष्टीने प्रश्न खरोखरच अस्पष्ट आहे.

उपाय तीन-चार वाक्यांचा आहे. बाग उष्ण कटिबंधात आहे आणि इथे वर्षात दोन छाटण्या होतात, हे आधी लिहा. दिवस छाटणीपासून मोजण्याऐवजी अवस्था सांगा: फुलोरा सुरू, मणी धरले, मणी ज्वारीएवढे. एम-४५ ऐवजी मॅन्कोझेब ७५ टक्के असा घटक लिहा, कारण दुकानातलं नाव तिकडे कुणाला कळत नाही. एकरी प्रमाण दिलं असेल तर सोबत लिटरमागे किती ते द्या. आणि पानाच्या खालच्या बाजूचा स्पष्ट फोटो जोडा. कोडचा फोटो नको म्हणतात, पानाचा हवाच असतो. बुरशीची पांढरी लव खालच्या बाजूलाच दिसते.

एवढं करूनही उत्तर येईलच असं नाही. फवारणी निर्यातीच्या बागेवर असेल तर काढणीआधी किती दिवस थांबायचं, कोणतं औषध चालतं, हे इथल्या नियमांवर ठरतं आणि परदेशातला जाणकार त्यावर बोलणार नाही, बोलूही नये. ते मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्यात बघा, किंवा पान पिशवीत घालून मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा.